फुगलेली दोन पाकिटं

दुसऱ्याच्या डब्यात थर्मामीटर खुपसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तेवढा पुरे झाला.

तुर्भ्याला एमआयडीसीत आमची कंपनी होती. आमची म्हणजे शेठची, आम्ही तिथे कामाला. तयार जेवण पाकिटात बंद करायचं काम. डाळ, राजमा, खिचडी, वाटाण्याची उसळ. पाकीट फोडायचं, गरम करायचं, खायचं. फ्रिज लागत नाही, वर्षभर टिकतं. मी तिथे अकरा वर्षं काढली. आधी पाकिटं पुसायला होते, मग डाळीच्या कढईवर. कढई म्हणजे घरातल्यासारखी नव्हे, आत माणूस बसेल एवढी, वाफेवर तापणारी. आणि हे साहेब लॅबमध्ये. लॅब म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, एक कपाट आणि कधीच नीट बंद न होणारा नळ.

त्यांचं नाव लिहीत नाही. लिहिलं तरी कोणाला ओळख पटणार नाही, आणि पटली तरी त्यांना त्याचा काही उपयोग नाही.

चाळीस-बेचाळीसचे असतील. मी तेव्हा पन्नाशीला टेकलेली. बाकीचे साहेब खिशाला पेन लावतात, हे थर्मामीटर लावायचे. ताप बघायचं नव्हे. स्वेटर विणायच्या सुईएवढं लांब, टोकाला अणकुचीदार, वर काटा फिरणारी चकती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बायका गोल करून बसलो की हे पाठीमागून यायचे.

"मावशी, भात कधीचा?"

"सकाळचा."

"किती वाजता शिजवला?"

"पाच वाजता. तुमाला काय करायचंय?"

एवढं म्हणेपर्यंत सुई भातात गेलेली असायची. आधी स्पिरिटच्या कापसाने पुसून घ्यायचे, तेवढं कबूल करते. मग चकती बघायचे, आकडा मोठ्याने सांगायचे आणि चालू पडायचे. चांगला आहे की वाईट, खायचा की टाकायचा, काही नाही. नुसता आकडा. आमच्यातली कमल घाबरट होती, तिने एकदा तेवढ्यावरून अख्खा डबा कुत्र्याला घातला. मी नाही घातला. मी साताऱ्याकडची. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकून आमचं अख्खं घर वाढलं. तसं मी त्यांना ऐकवलं.

ते म्हणाले, "वाढलं. सगळं वाढलं का, ते कोणी मोजलं?"

माझ्या पाठचा एक भाऊ गेला होता, दीड वर्षाचा, जुलाब होऊन. कशाने झाले ते कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती. मी साहेबांना ते सांगितलं नाही. डब्याचं झाकण लावलं आणि उठले.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "उकळलं म्हणजे मेलं नाही." दिवसातून चारदा तरी म्हणायचे. नवी बाई कामाला लागली की तिला उभी करून सांगायचे. आम्ही पाठीमागून तोंडं हलवायचो. जना तर त्यांची हुबेहूब नक्कल करायची. ती तुर्भे गावातली, आगरी, तिला कोणाची भीती नव्हती.

पण एकदा वीज गेली होती, काम बंद होतं आणि मी त्यांना विचारलंच, की उकळल्यावर मरत नाही म्हणजे काय? हात बुडवला तर कातडी सोलून निघते, आणि तुमचा तो जंतू मरत नाही?

त्यांना कोणी विचारत नसे. मी विचारलं म्हणून ते नळाशी जाऊन आधी हात धुऊन आले. मग म्हणाले, "मावशी, तुमच्याकडे बियाणं कसं ठेवायचे?"

"राखेत घालून. मडक्यात."

"किती दिवस?"

"वर्ष. दोन वर्षं. एकदा घेवड्याचं चार वर्षांचं उगवलं होतं."

"मग तसंच. जंतू साधा असतो तेव्हा उकळीत मरतो. पण त्यातल्या काही जातींना अडचण दिसली की त्या बी धरतात. बी झालं की ते खात नाही, वाढत नाही, काही करत नाही. नुसतं थांबतं. तुम्ही तासभर उकळा, ते थांबलेलंच. मातीत असतं, मातीतून डाळीत येतं, मसाल्यात येतं, पिठात येतं. जेवण निवत निवत कोमट झालं की त्याला वाटतं, हंगाम आला. मग उगवतं."

"मग कशाने मरतं?"

"एकशे एकवीस डिग्री. दाबाखाली. आणि मधोमध. कडेला एकशे एकवीस होऊन उपयोग नाही, पाकिटाच्या मधोमध झालं पाहिजे. अर्धवट तापवलं तर वाईट. अर्धवट उष्णतेने ते उलट जागं होतं."

त्यासाठीच आमच्याकडे तो मोठा कुकर होता. आडवी टाकी, रेल्वेच्या डब्यासारखं दार, आत ट्रॉल्या भरून पाकिटं जायची. आम्ही त्याला रणगाडा म्हणायचो. साहेब रणगाड्याच्या दाराशी स्टूल टाकून बसायचे आणि कागदावर निघणारी रेघ बघायचे. रेघ सरळ गेली की त्यांचा दिवस चांगला.

शिकलेल्या माणसांची मला भीती वाटत नाही, पण सरळ उत्तर देणारा शिकलेला माणूस मी कमी पाहिला. हे सरळ द्यायचे. कंटाळा येईपर्यंत द्यायचे.

एकदा ते तापाने चार दिवस आले नाहीत. लॅबच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच राहिली, म्हणून सुपरवायझरने मला पाठवलं. कोपरखैरण्याला राहायचे, एका खोलीत, एकटे. बायको होती की नव्हती, की होती आणि गेली, ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. खोली स्वच्छ होती. ओट्यावर दुधाची तीन पातेली ओळीने. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली. एक उकळी, दोन उकळ्या, तीन उकळ्या.

"हे काय?"

अंगात ताप होता तरी उठून बसले. म्हणाले, "आज उकळलं, जागे होते ते मेले. रात्रीत बियांतून काही उगवले, उद्या उकळलं की ते मेले. राहिलेले परवा. कुकर नसेल तेव्हा असंही करता येतं. जुनी रीत आहे."

"मग तिसऱ्या दिवशी पिता होय?"

"नाही. मला दूध आवडत नाही."

मी किल्ली घेतली आणि निघाले. रस्त्यात मला हसू आलं. नंतर आलं नाही.

जनाच्या मुलाच्या हळदीला आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. साहेबही आले, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला ते थर्मामीटर. अंगणात मांडव, मोठाले टोप भाताचे, वर फडकी झाकलेली. दुपारी शिजवलेला भात, जेवणं आठ वाजता. मी म्हटलं आज तरी गप्प बसतील. कसले बसतात! फडकं बाजूला करून सुई आत. जनाची सासू तिथेच पाटावर बसून पानं लावत होती. तिने मान वर केली.

"काय रं, आमचे भाताला ताप आयलाय काय?"

मांडव हसला. वाजंत्रीवालेही हसले. साहेब मात्र गंभीर. म्हणाले, "नाही आजी, ताप उतरतोय. तोच त्रास आहे."

मग त्यांनी भात टोपातून परातींत पसरा, नाहीतर परत तापवा, असं दोघा-तिघांना सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही. लग्नघरात कोण ऐकतं! ते दोन केळी खाऊन, आहेर देऊन गेले. दुसऱ्या दिवशी जना कामावर आली ती थेट लॅबच्या दारात.

"साहेब, दोनशे मानसा जेवली. येकाचा पन पोट दुखला नाय."

"बरं झालं," ते म्हणाले. आणि खरंच त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. जनाला भांडायचं होतं, तिचा हिरमोड झाला.

मला वाटतं, त्यांचं सगळं आयुष्य तसंच गेलं. त्यांचं काम नीट झालं तर काहीच व्हायचं नाही. काहीच झालं नाही तर त्याचं श्रेय कोण देणार? छप्पर गळत नाही म्हणून कोणी गवंड्याला जेवायला बोलावत नाही. उलट शेठ म्हणायचे, "हा माणूस मला नुसता थांबवतो. पगार मी त्याला थांबवायला देतो काय?" खरं म्हणजे पगार त्यासाठीच होता. पण शेठला ते कोणी सांगायचं?

थांबवायचे ते त्या कपाटामुळे. प्रत्येक घाण्यातली दहा पाकिटं ते उबेच्या कपाटात ठेवायचे, दहा दिवस. आत सतत अंगाएवढी ऊब. जंतू राहिला असेल तर त्याला उगवायला पुरती मोकळीक. रोज सकाळी कपाट उघडून एकेक पाकीट दोन बोटांनी दाबून बघायचे, बाजारात आंबा दाबतात तसं. दहा दिवस काही झालं नाही तर माल सोडायचा. पाकीट फुगलं तर नाही.

माझ्या वेळेपर्यंत कधी फुगलं नव्हतं. फुगलं ते माझ्यामुळे.

एका सहलवाल्या कंपनीची मोठी ऑर्डर होती. म्हातारी माणसं फिरायला नेतात ना, काश्मीर, राजस्थान, तिकडे घरचं जेवण म्हणून आपलीच पाकिटं गरम करून वाढतात, ती. त्यांनी आधीच्या मालावर तक्रार केली होती, डाळ पाण्यासारखी आहे. शेठ एक दिवस खाली आले, कढईत डोकावले आणि म्हणाले, "मावशी, डाळ म्हणजे पाणी आहे. जरा बघा ना."

माप भिंतीवर लिहिलेलं होतं. किती डाळ, किती पाणी, किती मीठ. त्याला हात लावायचा नाही असा नियम. पण मला स्वतःलाही त्या डाळीची लाज वाटायची. ताटात वाढली की पळायची. भाताला धरायची नाही. मी घरी अशी केली असती तर नवऱ्याने ताट सरकवलं असतं. म्हणून त्या ऑर्डरला मी प्रत्येक कढईत बेसन कालवून लावलं. दोन डबे. डाळ अशी दाट झाली, चकाकली, डावावर बसली. सुपरवायझर चमचाभर चाखून म्हणाला, "मावशी, आज झ्याक!" त्याने बेसन पाहिलं होतं. बोलला काही नाही.

मला बरं वाटलं होतं. अकरा वर्षांत त्या कंपनीत कामाचं समाधान वाटलं असे दिवस थोडे. त्यातले ते तीन दिवस.

पाचव्या सकाळी साहेबांनी कपाट उघडलं आणि दोन पाकिटं फुगलेली. उशा झाल्या होत्या. त्या दिवशी ट्रक दाराशी लागला होता. सहलवाल्यांना घाई होती, म्हणून शेठनी दहा दिवस थांबायचं नाही असं परस्पर ठरवलं होतं. निम्मा माल चढलाही होता.

साहेब ट्रकच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. नुसते उभे. हमालांना खोकी चढवता येईनात.

शेठ वरून ओरडत आले. "अरे साहेब, चार्ट बराबर आहे ना? टेंपरेचर बराबर, टाइम बराबर. मग तुमाला प्रॉब्लेम काय आहे?"

"दोन फुगलीत."

"लीक असेल."

"पाण्यात बुडवून दाबली. बुडबुडा नाही."

"मग तुमचं कपाट खराब असेल. दोन पाकिटांसाठी मी ट्रक सोडू?"

"कारण सापडेपर्यंत थांबा."

"संध्याकाळपर्यंत," शेठ म्हणाले. "संध्याकाळपर्यंत कारण द्या, नाहीतर ट्रक जाणार. आणि पुन्हा घाला ना तो माल कुकरात! दुसऱ्यांदा शिजवला तर काय बिघडतं?"

"पाच दिवस बाहेर राहिलेलं पुन्हा तापवून मी नवं म्हणून सही करणार नाही."

मग ते एकेका टेबलाशी फिरले. आवाज चढवला नाही. प्रत्येकीला एकच प्रश्न, "त्या तीन दिवसांत नेहमीपेक्षा वेगळं काय केलंत?" कमल म्हणाली काही नाही. जना म्हणाली काही नाही. मी म्हणाले काही नाही.

खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. बेसनाचा आणि जंतूचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. डाळ दाट केली तर ती चांगली होते, खराब कशी होईल? जगात कुठली बाई असं मानेल?

दुपारी त्यांनी मला लॅबमध्ये बोलावलं. त्याच घाण्यातलं एक चांगलं पाकीट फोडून स्टीलच्या ताटलीत ओतलं होतं. ताटली तिरकी धरून बघत होते.

"मावशी, ही डाळ पळत नाही."

"मग चांगलीय की."

"चांगली आहे. फार चांगली आहे." ताटली खाली ठेवली. मग दोन पेले घेतले. एकात ती डाळ तशीच घातली, दुसऱ्यात पाणी घालून, हलवून, आमच्या नेहमीच्या डाळीसारखी पातळ केली. दोन्ही पेले गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवले आणि मला घड्याळ बघायला सांगितलं. पातळ डाळीच्या मधोमध सुई धरली, मग दाटच्या. असं तीन-चार वेळा. पातळ डाळीतला काटा भराभर चढत होता. दाटमधला जागचा हलता हलत नव्हता. कडेला हात लावला तर पेला चटका देत होता, आणि मध्ये कोमट.

"पातळ असलं की ते आतल्या आत फिरतं, उष्णता घेऊन मध्ये येतं," ते म्हणाले. "दाट बसून राहतं. रणगाड्याला वाटतं, वेळ झाली. चार्ट सरळ येतो. मध्ये जे बी होतं ते मेलं नाही, जागं झालं."

मी दाट डाळीचा पेला उचलून टेबलावर ठेवला.

"काही बोलू नका," ते म्हणाले. "मी शेठला सांगणार आहे की डाळ दाट होती. कशाने झाली ते मला माहीत नाही. माहीत नाही ते मी सांगत नाही. ते म्हणतील, पाकीट फोडल्यावर निवून दाट झाली असेल, डाळ होतेच. आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही."

"आणि ती पाकिटं कोणी खाल्ली तर?"

"साधी जात असेल तर पोट बिघडेल. वाईट जात असेल तर आधी पापण्या जड होतात. मग गिळता येत नाही. मग श्वास." हेही त्यांनी आकडा सांगावा तसंच सांगितलं. "वासाने कळत नाही. नेहमी फुगतंच असंही नाही."

पाच वाजता केबिनमध्ये शेठ, सुपरवायझर, साहेब आणि दारात मी. साहेब म्हणाले तसंच झालं. शेठ म्हणाले, डाळ निवली की दाट होतेच. सुपरवायझर म्हणाला, माप बरोबर होतं, मी स्वतः उभा होतो. मग शेठनी मला विचारलं. विचारतानाच मान हलवून दाखवली, हो म्हणा अशी.

"मावशी, तुमी मापानंच केली ना?"

हो म्हटलं असतं तर ट्रक गेला असता आणि माझी कढई राहिली असती. माझा नवरा कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होता. त्याची पाठ गेली होती, दोन वर्षं घरात पडून. पोरगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. कमावणारी मी एकटी. सुपरवायझर शेठच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता, डोळे मोठे करून. साहेब बघत नव्हते. ते खिडकीतून ट्रककडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "बेसन घातलंय. दोन डबे. सगळ्या कढयांना."

"कोणाला विचारून?"

"तुमीच म्हणाला होता, पाणी आहे, जरा बघा. मी बघितलं."

शेठचं तोंड उघडं राहिलं. सुपरवायझरने जमिनीकडे पाहिलं. आणि साहेब वळले, खिशातून कागद काढला आणि मला म्हणाले, "कुठला डबा? मोठा की लहान?"

मला आजही त्या प्रश्नाचा राग येतो. माझं घर बसत होतं आणि ह्यांना डबा मोठा की लहान ते हवं होतं. आभार नाहीत, बरं केलंत नाही. मी सांगितलं, मोठा. त्यांनी लिहून घेतलं.

मी खरं का बोलले, हे मला सुनेने एकदा विचारलं. मी काही देवमाणूस नाही. पातळ पेल्यातला काटा चढताना आणि दाट पेल्यातला बसून राहिलेला मी स्वतः पाहिला होता. नसता पाहिला तर हो म्हणाले असते आणि रात्री झोपलेही असते.

पुढचं फार नाही. मला कढईवरून काढून भांडी घासायला टाकलं. वर्षभर घासली, मग गुडघ्यांनी नकार दिला. साहेब चार महिन्यांत कंपनी सोडून गेले. शेठनी त्यांच्या जागी नुकती पास झालेली मुलगी आणली. ती घाबरून कशावरही सही करायची. साहेब गुजरातकडे कुठल्या तरी कंपनीत लागले असं ऐकलं. जाताना आम्हाला कोणाला भेटले नाहीत. जना म्हणाली, "गेला बाबा, आता भात गरम-थंड कसा पन खाऊ." पण ती डबा उघडताना एकदा जिन्याकडे बघायची. कंपनीही नंतर बंद पडली. आता मी मुलाकडे खारघरला असते, चौदाव्या मजल्यावर. त्या सहलीला गेलेली म्हातारी माणसं सुखरूप घरी आली असतील. कसली पाकिटं आपल्याला मिळाली नाहीत, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं.

मला साहेबांबद्दल सांगायचं होतं ते शेवटचं असं, की तो माल टाकायचा ठरला तेव्हा तो तसाच टाकता येत नव्हता. बंद पाकिटं कचऱ्यात गेली असती तर डंपिंग ग्राउंडवरून दुपारपर्यंत कोणाच्या तरी चुलीवर चढली असती. म्हणून एकेक पाकीट कापून डाळ पिंपात ओतायची, वर ब्लीचिंग पावडर टाकायची. आम्हा सगळ्या बायकांना त्या कामाला बसवलं. दोन दिवस. हातात मोजे, तोंडाला फडकं, कात्री. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. कमलने पाठ करून बसायची जागा धरली. जना तेवढी बोलली, "तुला कोनी सांगलं व्हतं गो, शानपना करायला? आदी घातलास कशाला, नं मंग बोललीस कशाला?" दोन्ही प्रश्न बरोबर होते.

साहेबही बसले होते. त्यांना बसायची गरज नव्हती, पण स्टूल घेऊन माझ्या शेजारी बसले आणि कापत राहिले. एकही पाकीट फुगलेलं नव्हतं. सगळी सपाट, नीटस. कापलं की तो वास यायचा, जिऱ्याचा, लसणाचा. मी केलेली चांगली डाळ. पिंप भरत गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी बोटं वळेनाशी झाली, तेव्हा मी त्यांना विचारलं.

"साहेब, यातली किती खराब असतील?"

त्यांनी कात्री थांबवली. विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून.

"कदाचित एकही नाही," ते म्हणाले.

"एकही नाही?"

"किंवा एक असेल. सांगता येत नाही."

आणि पुढचं पाकीट उचललं. सगळी खराब आहेत म्हणाले असते, तर त्या दोन दिवसांत माझ्या हातांना जरा बरं वाटलं असतं. तेवढं एक खोटं त्यांना माझ्यासाठी बोलता आलं नाही.